काचेला चिकटलेला चेहरा

फ्रेमवाल्या वहिनीला सख्खा दीर एकही नव्हता, पण अख्ख्या गल्लीची ती वहिनी होती. शिंपी, दूधवाला, तिच्या बापाच्या वयाचा किल्लीवाला, सगळे तिला वहिनीच म्हणायचे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला काचेला हात लावायचीही भीती वाटायची. नवरा मालगाडीवर गार्ड. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, आणि घरी असला की झोपलेला. फ्रेमचं दुकान सासऱ्यांचं. त्यांनी मुलाला धंद्यात ओढायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण त्याचा जीव रुळांवर. शेवटी एके दिवशी त्यांनी काच कापायचा हिरा सुनेच्या हातात दिला.

"हा दाबायचा नाही, नुसता चालवायचा," ते म्हणाले. "काच मोडायला तयारच असते. आपण तिला वाट दाखवायची."

सुरुवातीला वहिनीने बऱ्याच काचांची वाट चुकवली. मामंजी स्टुलावर बसून चुऱ्याकडे बघत म्हणायचे, "आज काय, काचेचं पीठ दळायला काढलंस वाटतं." पण ती शिकली. कोपरे जुळवायला शिकली, खिळा लाकडाला न फाडता ठोकायला शिकली. काच आणि कागद यांच्यामध्ये बारीक पट्टी घालून नखाएवढं अंतर ठेवायचं, म्हणजे कागदाला श्वास घेता येतो, हेही मामंजींनीच शिकवलं. त्यांचा एक नियम मात्र ते दर दोन-चार दिवसांनी म्हणून दाखवायचे. "बघणाऱ्याला चौकट दिसली, की समज आपलं काम बिघडलं."

आता मामंजींचे हात थरथरायचे, म्हणून काम सगळं वहिनीकडे होतं आणि बोलणं सगळं त्यांच्याकडे.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लांबलचक फळी होती. तिला मामंजी वृद्धाश्रम म्हणायचे. लोक देवाचं, संतांचं नवीन चित्र फ्रेम करायला आणायचे आणि जुनं, विटलेलं चित्र हळूच काउंटरवर सरकवायचे. "हे तुमच्याकडेच असू द्या," एवढंच म्हणायचे आणि नजर चुकवून निघायचे. पवित्र चित्र कचऱ्यात कसं टाकायचं, आणि घरात तरी किती ठेवायचं? मग ते फ्रेमवाल्याकडे. फ्रेमवाल्यानेही टाकायचं नाही. अशी चित्रं फळीवर एकावर एक साचत गेली होती. दाढीवाले बाबा, होडीतले संत, आशीर्वाद देणारे हात. आणि सगळ्यांत जास्त, दिव्याची आई.

दिव्याची आई म्हणजे प्रार्थनाघरातल्या मोठ्या चित्रातली. निळी शाल पांघरलेली तरुण बाई. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि नजर त्या ज्योतीवर. उजेड खालून चेहऱ्यावर आलेला. कुणी म्हणायचं ती हरवलेल्याला शोधायला निघालीय, कुणी म्हणायचं ती घरीच आहे आणि कुणाची तरी वाट बघतेय. घरोघरी तिच्या लहान छापील प्रती होत्या, पण मूळ चित्र प्रार्थनाघरातलं, दारातून आत गेल्याबरोबर समोर. त्याची चौकट मामंजींनी तरुणपणी स्वतः केली होती. ती गोष्ट वहिनीने इतक्या वेळा ऐकली होती की तिला ती पाठ झाली होती. लाकूड कसं निवडलं, कोपरे कसे बसवले आणि आईच्या चेहऱ्यावरचा उजेड टिकावा म्हणून तेवढ्याच भागावर वॉर्निशचे दोन हात कसे दिले.

एक दिवस प्रार्थनाघरात बल्ब बदलताना शिडी घसरली आणि चित्राच्या काचेला आडवी चीर गेली. दोन हमाल चित्र उचलून दुकानात घेऊन आले. पुढे प्रार्थनाघराचा कारभारी, एरवी त्याचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. आणि चौकटीला एक हात लावून, हमालांच्या जोडीने भराभर चालत, प्रार्थनाघराची साफसफाई करणारी मावशी.

"जपून रे," ती हमालांना म्हणत होती. "तुमच्या घरचं कपाट नाही ते."

"मावशी, तुम्ही हात काढला तर आम्हाला चालता येईल," एक हमाल म्हणाला.

"मी हात काढला तर तुम्ही पाडाल."

कारभाऱ्याने घाम पुसला. "वहिनी, फक्त काच बदला. बाकी कशाला हात लावू नका. चौकट काकांच्या हातची आहे, तिला काय धाड भरलीय."

मामंजी स्टुलावर ताठ बसले. "पुढची पन्नास वर्षं बघायला नको तिच्याकडे."

मावशीचा पाय निघेना. रोज सकाळी ती ही काच पुसायची. ओल्या फडक्याने आधी चेहरा, मग दिवा, मग खाली शाल. तिने वहिनीला बजावलं, "दुकान बंद केलंस तरी हिच्यापाशी एक बल्ब लावून ठेव गं. हिला अंधाराची सवय नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी आतल्या खोलीत आडवे झाले होते. वहिनीने चित्र टेबलावर पालथं घातलं, मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला आणि चौकट बाजूला केली. मग काच आणि चित्र एकत्रच उलटवून उताणं ठेवलं. चिरेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे काचेचे दोन्ही तुकडे सोबत उचलता येतात. त्या वेळी तिला दिसलं, की चित्राच्या मधोमध, चेहऱ्याच्या जागी, काचेखाली ओलसर काळपट चमक आहे. दुसरं कुठलंही चित्र असतं तर ती तिथेच थांबली असती. अशी चमक म्हणजे कागद काचेला चिकटला, हे फ्रेमवाल्याला सांगावं लागत नाही. पण हे चित्र तिला ऐकून ऐकून पाठ होतं. मामंजींचं वॉर्निश, ती मनात म्हणाली. दोन्ही हातांनी काच धरली आणि उचलली.

आवाज अगदी बारीक झाला. जखमेवरची पट्टी ओढून काढताना होतो तसा.

चित्रात निळी शाल होती, दिवा होता, ज्योत होती. चेहऱ्याच्या जागी कागदाचा पांढरा, लवदार खड्डा होता. चेहरा काचेबरोबर वर आला होता, पण तोही अख्खा नव्हता. अर्धी भुवई, नाकाचा शेंडा, एक डोळा. बाकीच्या खपल्या माशाच्या खवल्यांसारख्या टेबलावर गळत होत्या.

वहिनीने काच खाली ठेवली आणि सगळ्यांत आधी पंखा बंद केला, खपल्या उडू नयेत म्हणून.  

आतून मामंजींचा आवाज आला. "पंखा का बंद केलास गं? जीव उकडतोय."

"मामंजी, जरा बाहेर या."

ते आले. टेबलावर वाकले.  कसं झालं ते दोघांनाही न बोलता कळत होतं. वर्षानुवर्षं ओल्या फडक्याचं पाणी काचेच्या खालच्या कडेने आत झिरपलं होतं. ओलीने कागद फुगला आणि मधोमध पोट काढून काचेला टेकला. मधे अंतर नव्हतं, कारण ती पट्टी घालायची युक्ती मामंजी स्वतः पुष्कळ नंतर शिकले होते. आणि नेमकं जिथे टेकला तिथे वॉर्निशचे दोन हात होते.

"वॉर्निश," मामंजी एवढंच म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

कारभाऱ्याला बोलावलं तर तो आधी डोक्याला हात लावून बसला, मग व्यवहाराचं बोलला. "जे झालं ते झालं. बाजारात हिची नवीन मोठी छपाई मिळते. त्याच मापाची आणतो. तुमच्या चौकटीत घाला आणि विषय संपवा. लोक काय दुर्बीण लावून बघतात?"

संध्याकाळी तो गुंडाळी घेऊन आला. मावशीही त्याच्या मागोमाग आली, कारण गल्लीत बातमी पायांनी येत नाही, पंखांनी येते. काउंटरवर नवीन चित्र उलगडलं. शाल निळीशार, गाल गुलाबी, केस पार्लरमधून आत्ताच आल्यासारखे. दिवाही होता. पण ही आई दिव्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी.

मावशीने मान वाकडी करून पाहिलं. "ही कोण?"

"कोण म्हणजे? आईच आहे," कारभारी म्हणाला.

"ही माझ्याकडे कशाला बघतेय?" मावशी चित्रालाच म्हणाली, "माझ्याकडे नको बघू बाई, तो दिवा विझेल."

वहिनीला हसू आलं. मावशी म्हणते ते अगदी खरं होतं. इतकी वर्षं लोक त्या चित्रासमोर बसून जे हवं ते बोलू शकत होते, कारण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचं काम चालू होतं. ती ऐकत होती की नाही, कुणाला माहीत, पण ती रोखून बघत नव्हती.

"मला थोडे दिवस द्या," वहिनी म्हणाली. "चेहरा मी करते."

"तुम्हाला चित्र काढता येतं?"

"नाही. कागद कापता येतो."

कारभाऱ्याने मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी भिंतीकडे. शेवटी ठरलं, की पुढच्या महिन्याच्या मोठ्या प्रार्थनेला सगळे जमतील तोवर मुदत. जमलं तर जमलं, लोकांना पटलं तर ठेवू. नाहीतर गुंडाळी आहेच.

सगळे गेल्यावर वहिनीने मागच्या फळीवरचा पहिला गठ्ठा खाली उतरवला. कागदाला कागदच लागतो, आणि त्या चित्राच्या काळातला, तशाच शाईचा कागद तिच्याकडे फळीभर होता. मामंजी तिच्या हाताकडे बघत होते. हातात कात्री होती.

"तू यांना कात्री लावणार?"

"दुसरा इलाज दिसत नाही, मामंजी."

"लोकांनी विश्वासाने ठेवलीत ती. सांभाळायला. कापायला नाही."

"सांभाळतो म्हणजे आपण काय करतो? वाळवी लागायची वाट बघतो."

"वाळवीला पाप लागत नाही," मामंजी म्हणाले. "माणसाला लागतं."

ते उठून आत गेले आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलेनासे झाले. भांडण असतं तर वहिनीला चाललं असतं. हे भांडण नव्हतं. ते जेवायला वेळेवर यायचे, ताट उचलून ठेवायचे, दुकानात स्टुलावर बसायचे, फक्त तोंड रस्त्याकडे. नवऱ्याचा फोन आला की ते फोन मागून घ्यायचे आणि वहिनी शेजारी उभी असताना त्यात सांगायचे, "तुझ्या बायकोला सांग, चहात साखर कमी असते."

फोनमधून नवरा म्हणायचा, "अहो बाबा, ती तुमच्या शेजारीच आहे ना? मी सिग्नलला उभा आहे. इथून साखर कशी घालू?"

वहिनी न बोलता साखरेचा डबा त्यांच्यापुढे ठेवायची. ज्या माणसाने हातात हिरा दिला तोच आता हाताकडे बघत नाही, हे तिला काम करताना सारखं टोचत राहायचं.

तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. कुठल्याच चित्रातल्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. डोळा नाही, ओठ नाही, कपाळ नाही. कडा घ्यायच्या, आभाळ घ्यायचं, पायऱ्या, भिंती, कपड्यांच्या चुण्या घ्यायच्या. फार तर हात. मामंजींच्या पापाचा हिशेब तिला मान्य नव्हता, पण पूर्ण अमान्यही नव्हता.

पहिला प्रयत्न साफ फसला. तिने इतकी वर्षं केलं तसंच केलं, पोलादी पट्टी लावून तुकडे स्वच्छ, सरळ कापले आणि खळीने बसवले. चेहरा तयार झाला तो फरशी बसवल्यासारखा. ती दूर जाऊन बघायची, जवळ येऊन बघायची. दोन्हीकडून फरशीच. वैतागून तिने एक तुकडा ओढून काढला, तो फाटला. फाटलेल्या कडेला कागदाचे पांढुरके धागे मोकळे झाले होते, आणि ती कड खालच्या कागदात विरघळल्यासारखी मिसळत होती. कापलेली कड रेघ मारते. फाटलेली कड सावली देते. हे इतक्या वर्षांत तिला कळलं नव्हतं, कारण दुकानात फाटलेला कागद म्हणजे चूक.

मग ती फाडायला शिकली. ज्या हातांनी वर्षानुवर्षं सरळ कापलं त्यांना मनासारखं फाडणं फार अवघड जात होतं. कागद आपल्या दिशेने ओढला तर पांढरी कड रुंद येते, पलीकडे ढकलला तर जवळजवळ येतच नाही. नाकाची रेघ तेवढी तिने कापून घेतली. बाकी सगळं फाडून. आतल्या खोलीत मामंजींना कात्रीचा आवाज आला नाही, त्याहून वाईट आवाज यायला लागला. त्यांनी रेडिओ मोठा केला.

कपाळ झालं एका संताच्या पाठीमागच्या धुळकट आभाळातून. गाल झाले आशीर्वाद देणाऱ्या हातांच्या तळव्यांतून, चार वेगवेगळ्या चित्रांतल्या. डोळ्यांखालची सावली एका दगडी पायरीची, पापण्या होडीच्या शिडाच्या कडेच्या. कानामागचे केस करायला काळा रंग पुरेना, म्हणून तिने दाढीवाल्या बाबांच्या दाढीतल्या दोन बटा घेतल्या. दाढी चेहऱ्यात धरायची की नाही यावर तिने चहाचा एक अख्खा कप विचार केला आणि केसांत धरायची असं ठरवलं.

खरी अडचण वेगळीच होती. उन्हात टांगलेल्या चित्रातला लाल रंग सगळ्यांत आधी जातो. मग पिवळा. निळा शेवटपर्यंत तग धरतो. फळीवरची सगळी चित्रं भिंतींवर आयुष्य काढून आलेली, त्यामुळे त्यांत लाल उरलाच नव्हता. सगळ्यांचं निळं-राखाडी झालेलं. चेहरा जसजसा भरत गेला तसतसं वहिनीच्या लक्षात आलं, की आई म्हातारी होतेय. तिने ठरवून केलं नव्हतं. कागदच वयस्क होता. नजर मात्र तिने जिवापाड जपली होती, खाली, ज्योतीवर. ओठांची जागा तेवढी राहिली होती. तिथे राखाडी तुकडा लावून पाहिला तर चेहऱ्यातला जीवच जायचा.

मुदत संपत आली तेव्हा मावशी एकदा डोकावली. काउंटरला हात टेकून तिने चित्राकडे नुसतं बघितलं.

"मावशी, काहीतरी बोला."

"थकलीय गं," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं दिवा धरून हात तरी भरून आला असेल." मग तिने विचारलं, "ओठ?"

"लालच मिळत नाही. सगळ्यांतला गेलाय."

"नसू दे. ती कुठे कधी बोलली?" मावशी हसली. "एक विचारू? मी रोज ओलं फडकं फिरवायचे. त्यानं झालं का हे?"

स्टुलावरच्या मामंजींचं तोंड रस्त्याकडे होतं, पण मान किंचित इकडे वळली. वहिनीला खरं सांगायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

"पाणी होतं, ऊब होती, काच जवळ होती," ती म्हणाली. "कुणा एकाचं काम नाही ते. आणि पुसलं नसतं तर इतकी वर्षं कुणाला ती दिसली असती का? आता फक्त कोरडं फडकं घ्या."

"कोरडं घेते," मावशी म्हणाली. जाताना तिने आपल्या हातांकडे एकदा पाहिलं.

मावशी गेल्यावर मामंजी उठले आणि घरात गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वहीच्या पानाएवढं दिव्याच्या आईचं चित्र होतं. वहिनीने ते कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने ते लावलेलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कपाट मामंजींशिवाय कुणी उघडत नसे.

चित्राला ऊन कधी लागलंच नव्हतं. कपाटाच्या अंधारात ते छापल्या दिवसासारखं राहिलं होतं. आणि वहिनीला दिसलं, की आईच्या निळ्या शालीला लाल काठ आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरातून, प्रार्थनाघरातूनही तो काठ कधीच तपकिरी होऊन गेला होता. तो लाल होता हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

"चेहऱ्याला हात लावत नाहीस ना?" मामंजींनी विचारलं. इतक्या दिवसांत सुनेशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"नाही."

"बघत होतो मी. कान रेडिओकडे होते, डोळे नव्हते." त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. "मग काठ घे. हिला चालेल."

हिला म्हणजे चित्रातल्या आईला की सासूबाईंना, ते त्यांनी सांगितलं नाही आणि वहिनीने विचारलं नाही.

"मामंजी, हे नको. हे एकच राहिलंय."

"म्हणूनच तर आणलंय. वॉर्निश माझं होतं. लाल मी द्यायला नको का?" ते टेबलाच्या पलीकडे आले. "फाडू नकोस मात्र. हे सरळ काप. पट्टी मी धरतो."

त्यांनी पोलादी पट्टी काठावर लावली आणि दोन्ही तळहातांनी दाबली. एरवी त्या हातांना चहाचा कप धरवत नसे, पण भार पडल्याबरोबर थरथर थांबली. वहिनीने ब्लेड ठेवलं आणि हलकेच ओढलं. कागदाचा एक काडीएवढा रुंद लाल पट्टा सुटून आला. त्याचे तिने दोन भाग केले, वरचा ओठ आणि खालचा ओठ, आणि कडा नखाने खरवडून मऊ केल्या. ओठांवर राखाडी कागदाचा एक पारदर्शक पापुद्रा चिकटवला, म्हणजे लाल ओरडणार नाही.

मामंजी वाकून बघत होते. "अंतर?"

"पट्ट्या घातल्यात. एकावर एक दोन."

"तीन घाल," मामंजी म्हणाले. "हिच्यावर आता तुकड्यांचे थर आहेत."

ते खरंच होतं. तिने तीन घातल्या.

मोठ्या प्रार्थनेच्या सकाळी मामंजी चौकट मांडीवर घेऊन बसले आणि जवसाच्या तेलाचा बोळा फिरवत राहिले. कोपऱ्यांत, नक्षीत, मागच्या बाजूलाही, जी कुणालाच दिसणार नव्हती. मग हमाल आले, चित्र गेलं, भिंतीवर चढलं. कारभाऱ्याने नवीन चित्राची गुंडाळी दारामागे उभी करून ठेवली होती. "असू दे हाताशी," तो वहिनीला म्हणाला. "तुमच्यावर भरवसा आहे, पण लोकांच्या तोंडाला कोण झाकण घालणार?"

लोक येत गेले. दारातून आत पाऊल टाकलं की रोजच्या सवयीने समोर बघायचे आणि चालता चालता थबकायचे. वहिनी मागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. हाताला खळ सुकल्याचं तिला आत्ता जाणवलं, आणि ती नखाने ती सोलत राहिली. प्रार्थना संपली तरी कुणी उठेना. मग पुढच्या रांगेतून शिंपी म्हणाला, "आईला म्हातारी केली की हो."

"मग?" त्याच्या बायकोने विचारलं. "तू काय लग्नातला राहिलास?"

हसू पसरलं, पण थोडंच. शिंपी उठून चित्राजवळ गेला. "हे आमच्या घरचं आभाळ आहे," तो म्हणाला. "इथे, कपाळावर. आमच्या चित्रात इथे शाईचा ठिपका होता, पोरानं पाडलेला. हा बघा."

 सांभाळायला दिली होती, कापायला नाही, हे मामंजींचं वाक्य आता शिंपीच म्हणणार, असं वहिनीला वाटलं. पण शिंपी बोट ठिपक्यापासून वीतभर लांब ठेवून तसाच उभा राहिला. त्याची बायको आली, तिनेही बघितलं. मग किल्लीवाला आला आणि आपली होडी शोधायला लागला. मावशीने पुढे होऊन सगळ्यांना मागे सारलं. "बघा, पण काचेला बोटं लावू नका. मला कोरड्या फडक्यानं पुसायचंय आता."

ती चित्रासमोर उभी राहिली तेव्हा आई तिच्याकडे बघत नव्हती. ज्योतीकडे बघत होती. मावशीने समाधानाने मान डोलावली.

कारभारी गुंडाळी काखेत मारून वहिनीपाशी आला. "हिला आता साधी चौकट करा, वहिनी. घरी लावतो. आमच्या हिला हे गाल फार आवडलेत." मग त्याने मामंजींना विचारलं, "काय काका, कसं वाटतंय?"

"आतलं सगळं हिचं," मामंजी म्हणाले. "मी फक्त पट्टी धरली."

घरी जाताना दोघं सावकाश चालत होते. गल्लीच्या वळणावर मामंजी थांबले. श्वास घ्यायला थांबले असं वहिनीला वाटलं.

"इतके लोक आले," ते म्हणाले. "चौकटीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही."

"म्हणजे काम चांगलं झालं, मामंजी. तुम्हीच म्हणता."

"ते खरं." ते पुन्हा चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर, जरा हिरमुसून, "तरी पण सकाळभर तेल लावलं होतं गं."

"मला दिसलं," वहिनी म्हणाली. "कोपरे सगळ्यांत छान झालेत."

"आज चहात साखर जास्त घाल," मामंजी म्हणाले.